कस्टर्ड पाय आणि चेस पाय: फरक दुधात आहे

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरमधल्या अमेरिकी सणाच्या सुमारास अटलांटा, नॅशव्हिल किंवा शार्लटमधल्या एखाद्या घरी जेवायला गेलात, तर गोडाच्या टेबलावर दोन पिवळसर गोल शेजारी मांडलेले दिसण्याची बरीच शक्यता असते. एकावर जायफळाची पूड भुरभुरलेली आणि पृष्ठभाग गुळगुळीत. दुसऱ्याचा वरचा थर तपकिरी, पातळ आणि किंचित तडकलेला. पहिला कस्टर्ड पाय, दुसरा चेस पाय. पाय (pie) म्हणजे लाटलेल्या पिठाच्या पोळीत, म्हणजे क्रस्टमध्ये, सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. अमेरिकेच्या दक्षिणेत दोन्ही पिढ्यानपिढ्या घरोघरी होत आले आहेत, कारण त्यांना फळं लागत नाहीत. अंडी, दूध, लोणी आणि साखर एवढं घरात असलं की भागतं.

सामानाची यादी इतकी सारखी असल्यामुळेच नावांची आणि कृतींची सरमिसळ होते. एकाची कृती वाचून दुसऱ्याच्या पद्धतीने भाजलं, की कस्टर्डला पाणी सुटतं किंवा चेस पाय मध्ये कच्चा राहतो.

फरक एका वाक्यात सांगता येतो. कस्टर्ड पायमध्ये अंडी दुधाला धरून ठेवतात, तर चेस पायमध्ये ती साखर आणि लोण्याला धरून ठेवतात. मापं पाहिली की हे लगेच कळतं. ९ इंची कस्टर्ड पायला साधारण ४ अंडी, अडीच कप म्हणजे ६०० मिली दूध आणि अर्धा ते पाऊण कप साखर लागते. शिवाय चिमूटभर मीठ, व्हॅनिला, जायफळ. लोणी घातलंच तर चमचा-दोन चमचे. तेवढ्याच आकाराच्या चेस पायलाही ४ अंडी लागतात, पण साखर दीड ते दोन कप (३०० ते ४०० ग्रॅम), वितळवलेलं लोणी अर्धा कप (११३ ग्रॅम) आणि दूध मात्र जेमतेम पाव कप. त्यात एक-दोन टेबलस्पून मक्याचं पीठ, एक टेबलस्पून मैदा आणि एक टेबलस्पून पांढरं व्हिनेगर. हे मक्याचं पीठ आणि व्हिनेगर कृतीत दिसलं, की वर नाव काहीही लिहिलेलं असो, तो चेस पायच समजावा.

कस्टर्ड पाय हा दोहोंतला नाजूक. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने एकमेकांत गुंफली जातात आणि त्या जाळ्यात दूध अडकून राहतं. दूध-अंड्यांचं मिश्रण ८० अंश सेल्सियसच्या आसपास घट्ट होतं. तिथून थोडं पुढे गेलं की जाळं आकसतं आणि दूध पिळून बाहेर येतं. खरवस जास्त उकडला गेला की जाळी पडून पाणी सुटतं, तसंच इथे होतं. बशीतलं कस्टर्ड असतं तर गरम पाण्याच्या ताटात ठेवून ओव्हनच्या धगीपासून वाचवता आलं असतं. पण खाली क्रस्ट असल्यामुळे ती सोय नाही, तो मऊ पडेल. म्हणून आच मंद ठेवावी लागते, १६० ते १६५ अंश पुरतात.

मंद आचेची अडचण अशी, की एवढ्या पातळ मिश्रणाखाली कच्चा क्रस्ट भाजून निघत नाही, तो ओलसर आणि पिठूळ राहतो. म्हणून कस्टर्ड पायचा क्रस्ट आधी भाजून घ्यायलाच हवा. लाटलेली पोळी साच्यात बसवायची, थंड करायची, वर बेकिंग पेपर टाकून त्यात कोरडा राजमा किंवा छोले भरायचे म्हणजे तळ फुगत नाही. १९० अंशांवर कडा रंगू लागल्या की वजन काढून तळही कोरडा होईपर्यंत भाजायचा. वरून अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात फिरवून एक-दोन मिनिटं ओव्हनमध्ये ठेवला, तर ओल आत झिरपायला आणखी अटकाव होतो. हे सगळं कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या मते चांगला कस्टर्ड पाय इथेच ठरतो.

दुधाचं म्हणाल तर ते गरमच वापरावं. फेटलेल्या अंडी-साखरेवर गरम दूध बारीक धारेने ओतत ढवळायचं, गाळून घ्यायचं आणि गरम मिश्रण गरम क्रस्टमध्ये ओतायचं. ओव्हनमधला वेळ कमी होतो, त्यामुळे कडा फाटण्याआधी मधला भाग तयार होतो. आपल्याकडे पिशवीचं दूध तापवायची सवय असतेच. फक्त साय बाजूला काढायला विसरू नका.

चेस पायला एवढे लाड लागत नाहीत. साखर भरपूर असली की अंड्याची प्रथिनं उशिरा घट्ट होतात आणि मक्याच्या पिठातला स्टार्च त्यांना घट्ट आवळू देत नाही. त्यामुळे तो १७५ अंशांवर ४५ ते ५५ मिनिटं निर्धास्त भाजता येतो. मिश्रण दाट असल्याने बऱ्याच घरांत क्रस्ट कच्चाच वापरतात. अर्धवट भाजून घेतला तर तळ अधिक खुसखुशीत लागतो आणि मी तेच सुचवेन. व्हिनेगर गोडाची धार कमी करतं. ते वगळलं तर घास नुसता साखरेचा लागतो. वर येणारा तो तडकणारा पापुद्रा साखरेचाच, आणि दक्षिणेतल्या लोकांना नेमका तोच हवा असतो. केंटकीतल्या मेझव्हिल गावाजवळ याच घराण्यातला ट्रान्सपरंट पाय करतात. त्यातही भर अंडी, साखर आणि लोण्यावरच.

बाहेर केव्हा काढायचा, याची उत्तरंही वेगळी आहेत. कस्टर्ड पायच्या कडा बसलेल्या आणि मधला दोन-तीन इंचांचा भाग साचा हलवल्यावर थरथरणारा असला की काढा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७७ ते ८० अंश. आतल्या उष्णतेने तो बाहेर आल्यावरही शिजत राहतो. सुरी स्वच्छ निघेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. चेस पाय मात्र वरून चांगला रंगलेला आणि फक्त मध्यावर किंचित हलणारा हवा, आत ९० अंशांच्या पुढे. दोन्ही पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नयेत. चेस पाय तर गरम असताना वाहतोच.

भारतात करणार असाल तर काही गोष्टी पाहून घ्या. आपली साखर अमेरिकेतल्या साखरेपेक्षा जाड दाण्याची असते. चेस पायमध्ये ती विरघळायला हवी, म्हणून मिक्सरमधून थोडी बारीक करून घ्या. अमेरिकेतलं ‘लार्ज’ अंडं कवचाशिवाय सुमारे ५० ग्रॅम भरतं. आपल्याकडची पुष्कळ अंडी त्याहून लहान असतात, तेव्हा ४ अंडी न मोजता २०० ग्रॅम मोजलेली बरी. मक्याचं पीठ म्हणजे पिवळं पीठ किंवा मक्याचा बारीक रवा. पांढरं कॉर्नफ्लोअर निराळं, ते नको. ओटीजीचा पंखा चालू असेल तर तापमान १५ अंश कमी ठेवा.

बटरमिल्क पायची कृती समोर आली, तर तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. त्यात बहुतेक वेळा कपभर बटरमिल्क असतं, पण साखर-लोण्याचं प्रमाण चेस पायकडे झुकलेलं. आपलं ताक त्यासाठी फार पातळ पडतं. ताज्या दह्यात थोडं दूध फेटून वापरा.

ठेवण्याच्या बाबतीत कस्टर्ड पायला सवलत नाही. ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावा, कारण क्रस्ट हळूहळू ओल धरतो. चेस पायही अंड्यांचाच, तेव्हा उरलेला फ्रिजमध्येच ठेवावा. तो दोन-तीन दिवस चांगला राहतो, म्हणून पाहुणे येणार असतील तर तोच आदल्या दिवशी करून ठेवा आणि कस्टर्ड पाय त्या दिवशी सकाळी भाजा.