सेलेनियमची गोळी म्हणजे आर्सेनिकवर उतारा? नाही हो

जुळे सोलापुरातल्या आमच्या काकू बोअरचं पाणी पितात, त्यात आर्सेनिक हे विष असेल म्हणून रोज सेलेनियमच्या (शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज) दोन गोळ्या घेतात, शेंगाचटणीच्या बरणीशेजारीच डबी, लेबलवर एका गोळीत 200 मायक्रोग्रॅम. का तर व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये म्हणे विषाला विष मारतं, आर्सेनिक निघून जातं.

ह्यात अर्धंच खरंय. 1938 साली अमेरिकेत साउथ डकोटात उंदरांवर दिसलं की आर्सेनिक दिल्यावर सेलेनियमची विषबाधा कमी होते, आणि नंतर कारणही कळलं, लिव्हरमध्ये दोघं ग्लुटाथायोन या शरीरातच बनणाऱ्या रसायनासोबत एकत्र जोडले जातात आणि पित्तावाटे बाहेर पडतात. पण सेलेनियमचे मिथाइल (कार्बन-हायड्रोजनचा छोटा गट) लागलेले जे प्रकार शरीरात बनतात त्यातले काही आर्सेनिकसोबत उलट जास्त विषारी होतात, हे फॉरवर्डमध्ये कुणीच लिहीत नाही!

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 55 मायक्रोग्रॅम पुरतं, 400 ही वरची मर्यादा, म्हणजे काकू गोळ्यांनीच काठावर, जेवणातलं वेगळंच. जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात. काकूंची नखं तुटायला लागलीत, परवा हात धरून बघितली, फार वाईट वाटलं.. आधी पाणी लॅबमध्ये तपासून घ्या ना, आर्सेनिक लिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या वर नको, आणि पाणी उकळून ते जात नाही.