ऑक्टापॅडचं पॅड मेलंय? आणण्याआधी एवढं वाचा

‘एक पॅड मेलंय, सेन्सर बदलून द्या,’ असं बरेच वादक दुकानात शिरतानाच सांगतात. सेन्सर गेला असेल तर बदलतोच, पण दर वेळी तो गेलेला नसतो.

हे पत्रक जुन्या ऑक्टापॅडसाठी, म्हणजे काठीने वाजवायच्या आठ पॅडांच्या इलेक्ट्रॉनिक मशीनसाठी आहे: रोलंडचा १९८५ चा पॅड-८ (ज्याला स्वतःचा आवाजच नाही, सगळं मिडीवर, म्हणजे केबलने जोडलेल्या दुसऱ्या वाद्यातून) आणि त्यानंतरचा पॅड-८०. यांच्या रबराखाली पिएझोची पातळ चकती असते. काठी पडली की चकतीला हिसका बसतो, क्षणभर व्होल्टेज तयार होतं आणि मार किती जोरात होता ते सर्किट त्यावरून ओळखतं. वर्षानुवर्षं मार खाऊन वायरचा टाका (सोल्डरचा जोड) सुटतो. मग पॅड कधी वाजतं, कधी नाही. फोम कडक झाला किंवा त्याचा भुगा झाला, तर पॅड डबल वाजतं किंवा शेजारचंही बोलायला लागतं. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी वाढवून फायदा नाही, शेजारचं पॅड उलट जास्तच बोलतं.

आता मुख्य मुद्दा. कृपया चकती फेविक्विकने चिकटवू नका. कार्यक्रमाची सुपारी तोंडावर आलेली असते, दुकानं बंद असतात, हे आम्हालाही कळतं. पण तो पातळ गोंद फोममध्ये झिरपून दगड होतो. काढायला गेलं की चकतीवरचा सिरॅमिकचा थर तडकतो. नुसता टाका मारून मिटलं असतं तिथे चकती, फोम दोन्ही बदलावं लागतं आणि दिवस जातो तो वाळलेला गोंद खरवडण्यात. त्याची मजुरी आम्ही वेगळी लावतो. त्यापेक्षा ते पॅड तसंच ठेवा आणि त्याचा आवाज त्या दिवसापुरता दुसऱ्या पॅडवर घ्या.

‘मुंबईत लॅमिंग्टन रोडला बझरची चकती स्वस्तात मिळते, तुम्ही एवढे का घेता?’ असंही विचारतात. मिळते, आणि वाजतेही. पण आकार किंवा जाडी बदलली की व्होल्टेज बदलतं आणि आठातलं एकच पॅड वेगळं लागतं. शिवाय डाग देताना कावीया (सोल्डरिंगची तापलेली इस्त्री) जरा जास्त वेळ टेकला तरी चकती कमजोर होते. आम्ही मापाची चकती घालतो, फोम नवा लावतो आणि आठही पॅडं एकाच हाताने वाजवून जुळवतो. पैसे त्या जुळवणीचे आहेत.

आधी दोन पॅडांच्या वायरी अदलाबदल करून बघतो. दोष पॅडाबरोबर सरकला तर सेन्सर किंवा वायर, जागेवर राहिला तर बोर्ड. ही तपासणी झाल्यावरच खर्च सांगतो, फोनवर नाही.

एक पॅड गेलं असेल तर बाकीच्यांचा फोमही तेवढाच जुना आहे. मशीन उघडलेलं असतानाच सगळा बदलून घेतलात तर खोलण्याची मजुरी एकदाच पडते. गणपतीच्या तोंडावर रांग लागते, म्हणून शक्यतो आषाढात आणा. येताना अडॅप्टर आणा आणि पॅचेस (साठवलेली पॅडांची सेटिंग्ज) लिहून ठेवा.