गोळीला किती दिवस द्यायचे?

चोपड्याच्या माझ्या मावशीच्या डब्यात डिप्रेशनच्या गोळ्यांची एक पट्टी होती. पंधरातल्या अकरा संपलेल्या, चार तशाच. बाराव्या दिवशी तिनंच ठरवलं की हिचा गुण येत नाही. "आखो कितला दिन गोया खाऊ?" असं तिनं मला फोनवर विचारलं. जळगावच्या डॉक्टरांनी महिना सांगितला होता. हा महिना आला कुठून?

नैराश्यावरची पहिली औषधं दुसरंच काही शोधताना हाती लागली. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिलं जात होतं. खाटेला खिळलेली माणसं उठून हसू-बोलू लागली, जेवण वाढवून मागू लागली. 1957 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी तेच औषध नैराश्यासाठी पुढे आणलं. पुढे यकृतावर परिणाम दिसल्यानं ते मागे पडलं.

त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून हे गायगी कंपनीचं एक रसायन तपासत होते. स्किझोफ्रेनियाला ते लागू पडलं नाही. जानेवारी 1956 मध्ये त्यांनी ते नैराश्याच्या एका रुग्ण महिलेला दिलं आणि सहाव्या दिवशीच फरक दिसला. हेच इमिप्रामिन. गंमत अशी, की ज्या औषधाची कहाणी सहाव्या दिवसापासून सुरू झाली, त्याच घराण्याच्या गोळ्यांना पुढे सहा आठवडे द्यायचा रिवाज पडला.

रिवाजाला कारणं होती. जुन्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, पोट साफ व्हायचं नाही, उठताना घेरी यायची. म्हणून डोस हळूहळू चढवावा लागे आणि त्यातच दोन-तीन आठवडे जात. त्यात 1984 मध्ये न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक क्विटकिन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की पहिल्या दोन आठवड्यांत आलेला आराम बहुधा औषधाचा नसतो, खरा गुण उशिरा येतो आणि टिकतो. तेव्हा सहा आठवडे तरी थांबा. डॉक्टरांना हे पटलं. रोज पहाटे तीनला जाग येणाऱ्या माणसाला मात्र सहा आठवडे म्हणजे काय, हे त्यालाच माहीत.

1987 च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या नव्या गोळीला परवानगी मिळाली. पहिल्या दिवसापासून जवळपास पूर्ण डोस देता येऊ लागला, तशी थांबण्याची मुदतही तपासली जाऊ लागली. 2009 मध्ये 41 चाचण्यांतल्या 6,562 रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. दोन आठवड्यांत थोडाही, म्हणजे 20 टक्केही, फरक न पडलेल्यांपैकी पुढे पूर्ण बरे होऊन तसेच टिकलेले जेमतेम 4 टक्के निघाले. क्विटकिन यांच्या म्हणण्याच्या अगदी उलट.

मग चौदाव्या दिवशीच गोळी बदलावी का? जर्मनीत हे प्रत्यक्ष करून पाहिलं. 2016 च्या त्या अभ्यासात फरक न पडलेल्या 192 जणांपैकी काहींची गोळी लगेच बदलली, बाकीच्यांना तीच आणखी दोन आठवडे दिली. शेवटी पूर्ण बरे झालेले अनुक्रमे 24 आणि 22 टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. घाईला जोर देणारा पुरावा इथं तरी मिळाला नाही.

त्यामुळे आज बरेच डॉक्टर मधला रस्ता धरतात: दोन आठवड्यांनी विचारपूस, गरज वाटली तर डोस वाढवणं, आणि पुरेसा डोस चार आठवडे घेऊनही काहीच हललं नाही तर बदल. 2022 च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेतही चार आठवड्यांचाच टप्पा आहे. बदल म्हणजे नुसती पट्टी बदलणं नव्हे. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, तर पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखी गोळी एकदम तोडली की चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या येतात. आणि गोळी बदलण्याआधी थायरॉइड पाहायचं, कधी उन्मादाचे (मॅनियाचे, म्हणजे अतिउत्साहाचे) झटके येऊन गेलेत का हे विचारायचं.

त्याही आधी, गोळी पोटात गेली का हे विचारायचं. आमच्याकडे लोक हे मोकळेपणानं सांगत नाहीत. "घेतो ना" म्हणतात आणि पट्टी डब्यात राहते. केळीच्या कापणीत जळगावची खेप चुकते, गोळ्या संपतात, आठवडा कोरडा जातो.

मावशीची गोळी डॉक्टरांनी बदलली नाही. तीच पुन्हा सुरू केली, मोजणी पहिल्या दिवसापासून, चौदाव्या दिवशी फोन करायचा. नव्या पट्टीच्या मागं तिनं पेनानं तारखा टाकल्यात. आज सकाळपर्यंत नऊ खोडल्या आहेत.