सर्दीची साथ आली म्हणून रोजचा पंप बंद करू नका
दम्याच्या ग्राहकांसाठी, आमच्या मेडिकलकडून

पावसाळा लागला, घरोघरी खोकला सुरू झाला, की काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो: "पंपात स्टेरॉइड असतं ना? प्रतिकारशक्ती कमी होईल. साथ आहे तोवर बंद ठेवू का?" बरेच जण तर न विचारताच बंद करतात आणि पुढची सर्दी छातीत उतरली की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन येतात.

दमा असलेल्यांना सर्दी इतरांपेक्षा फार जास्त वेळा होते असं नाही. झाली की ती जड जाते. श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात. शिवाय विषाणूला अडवणारं इंटरफेरॉन काही रुग्णांच्या श्वासनलिकेतल्या पेशी कमी बनवतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून सर्दीचा जो ऱ्हायनोव्हायरस दुसऱ्याचं नुसतं नाक गाळतो, तो यांना दोन-दोन आठवडे धाप लावतो. लहान मुलांतले दम्याचे बहुतेक अटॅक अशा सर्दीनेच सुरू होतात.

ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन असलेला रोजचा पंप हीच सूज खाली ठेवतो. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे किंवा जास्तही लागतात, त्यामुळे खोकला लागल्यावर घाईने पुन्हा सुरू केलेला पंप त्या दिवशी फारसा कामाला येत नाही. कोरोनाच्या काळातही दम्याच्या तज्ज्ञांचा सल्ला हाच होता की पंप चालू ठेवा. दमा आटोक्यात असलेल्यांना मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. ज्यांना नुकत्याच स्टेरॉइडच्या गोळ्या लागल्या होत्या, त्यांना मात्र दिसला.

स्टेरॉइडची भीती असेल तर हा हिशोब पाहा. २०० मायक्रोग्रॅमचं ब्युडेसोनाइड सकाळ-संध्याकाळ घेतलं तर दिवसाला ०.४ मिलिग्रॅम होतं. अटॅक आल्यावर प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, पाच दिवस दिलं तर २०० मिलिग्रॅम होतं. वजनात पाहिलं तर पंपाचे ५०० दिवस! दोन औषधांची ताकद सारखी नाही, हे खरं. पण पंपाचं औषध मुख्यतः फुप्फुसात काम करतं आणि गोळीचं सगळ्या अंगात फिरतं. पंप टाळून गोळ्यांची पाळी आणणं हाच खरा तोटा. (सीओपीडी या फुप्फुसांच्या दुसऱ्या जुनाट आजारात जास्त मात्रेच्या स्टेरॉइड पंपाने न्यूमोनियाचा धोका वाढतो. तो आजार वेगळा, तरी तिथेही मनाने बंद करू नका.)

साल्बुटामोलचा पंप नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो, सूज उतरवत नाही. २०० पफचे तीन किंवा जास्त डबे वर्षाला लागत असतील, तर दमा आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांना भेटा. रंगावरून पंप ओळखू नका, रंग कंपनीगणिक बदलतात. काहींना स्टेरॉइड आणि नळ्या मोकळ्या करणारं फॉर्मोटेरॉल असलेला एकच पंप दोन्ही कामांसाठी दिलेला असतो, तेव्हा चिठ्ठी पाहूनच घ्या.

"पंप घेऊनही गुण नाही" म्हणणाऱ्यांचं घेण्याचं तंत्र आम्ही आधी बघतो. स्प्रेचा पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबतानाच हळू आणि खोल आत घ्यायचा. कॅप्सूलच्या पंपात उलट: जोरात आणि खोल. दोन्हींत दहा सेकंद श्वास धरायचा. कॅप्सूल गिळायची नसते, आणि उपकरणात फुंकर मारायची नसते. पावसाळ्याच्या दमट हवेत तोंडाची वाफ गेली की पावडर चिकटून बसते. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. स्पेसर (स्प्रेच्या पंपाला लावायचं प्लास्टिकचं नळकांडं) साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की स्थिर विजेमुळे औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

३० कॅप्सूलची बाटली, रोज दोन, म्हणजे १५ दिवस. ती दीड महिना पुरत असेल तर आम्ही विचारतो. राग मानू नका. प्रेडनिसोलोन आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देत नाही, "मागच्या वेळचंच" असलं तरी. विषाणूवर अँटिबायोटिक चालतही नाही. अंगदुखीची गोळी घेताना दमा असल्याचं सांगा. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनने काहींना धाप लागते.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यातच डॉक्टरांना विचारा. आम्ही ती २ ते ८ अंशांत ठेवतो, आधी सांगितलंत तर बाजूला काढून ठेवू. मुलांचे मास्कसह स्पेसरही आहेत.

बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर पडले, मुलाच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर दुकानात येऊ नका, थेट दवाखाना गाठा. एरवी येताना पंप आणि चिठ्ठी दोन्ही आणा. दुपारी २ ते ४ गर्दी नसते. तंत्र मोफत दाखवतो, पंप कुठूनही घेतलेला असो.