पोराला संख्या येत नाही, की संख्येचं नाव?

‘पंचवीस’ सांगितलं आणि पोरानं ५२ लिहिलं, की शेरा ठरलेला: संख्याज्ञान कच्चं. या शेऱ्यात संख्येचं नाव आणि तिची किंमत यांची सरमिसळ होते.

‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी कानावर पडतात, लिहायचे मात्र शेवटी. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस-पाच, ऐकलं तसं लिहा. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळेतलं पोर बाजारात कन्नड ऐकतं आणि वर्गात मराठी. (कन्नडही तितकी सोपी नाही: ओंबत्तु म्हणजे नऊ, तोंबत्तु म्हणजे नव्वद.) खरा घोळ ‘एकोण’चा. ‘एकोणसाठ’ ऐकून पोर साठ पकडतं आणि ६९ लिहितं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जोडवाचनाची सोय आली, तेव्हा थट्टाच जास्त झाली. अडचण मात्र खरी होती.

नाव आणि किंमत वेगवेगळी तपासायला सहा संख्या पुरतात: २५, ३७, ४८, ७४, ३९, ५९. ६६ घेऊ नका, उलटं लिहिलं तरी कळणार नाही. आधी संख्या मराठीत सांगा, पोर लिहील. चुकलेल्या तेवढ्याच कन्नडमध्ये पुन्हा सांगा. मग थोड्या वेळानं, नाव न उच्चारता, अंकांचं कार्ड पुढे ठेवा आणि तेवढ्या काड्या मागा. जवळ दहा-दहाचे गठ्ठे आणि किमान चौदा सुट्या काड्या हव्यात.

लिहिताना चुकलं, पण काड्या बरोबर दिल्या, तर अडतंय ते नाव. ७४ च्या कार्डावर सात सुट्या आणि चार सुट्या अशा अकरा काड्या आल्या, तर दशकाची किंमतच कळलेली नाही.

इथे एक फसगत होते. गठ्ठे तयार असले, की नुसते आकडे बघूनही उचलता येतात. म्हणून ७४ मांडून झाल्यावर सहा काड्या परत मागा. मांडलेल्यात सुट्या चारच आहेत. गठ्ठा सोडला, तर समज पक्की. चार देऊन पोर तुमच्या तोंडाकडे बघत राहिलं, तर उसनं घ्यायची वजाबाकी पुढे अडणारच.

गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या चाचणीतही उसन्याची वजाबाकी आधी येते. ती न जमल्यास दोन अंकी पाच संख्या ओळखायच्या, चार बरोबर हव्यात. एखाद्याचं ‘एकोण’वर अडलं, तर नोंदवहीत ‘कच्चा’ लिहू नका. ‘३९, ५९ नाव चुकतं, काड्या बरोबर’ असं लिहा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गुरुजींना कुठून धरायचं ते कळेल.