दगड उलटा करून बघा

‘वाहत्या पाण्याला दोष नसतो’ हे आमच्या रत्नागिरीकडच्या वाड्यांमध्ये इतक्या खात्रीने सांगतात की मोऱ्यांचं सांडपाणी, गोठ्याचं पाणी सगळं सरळ पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडलं जातं. निर्माल्यही तिथेच, आणि तेही पुण्य समजून. निर्माल्याचं खत होतं, पऱ्यात टाकलं की ते नुसतं कुजतं. पण त्या म्हणीचा मला खरा त्रास होतो तो ती अर्धी खरी असल्यामुळे.

दिवाळीनंतर पाणी नितळ झालं की मी आठवीच्या मुलांना घेऊन पऱ्यात उतरतो. चहाची गाळणी, पांढरी ताटं आणि एक भिंग, एवढंच सामान. वाडीच्या वरच्या अंगाला पाणी खळाळतं, तिथला गोटा उलटा केला की त्याला घट्ट धरून चपटे किडे सरसर पळतात. मागे तीन शेपट्या. ही मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्लं. ताटात घेऊन भिंगातून पाहिलं तर पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले दिसतात. ताटातलं पाणी उन्हाने कोमट होऊ लागलं की हे कल्ले भराभर हलायला लागतात. पिल्लाला धाप लागलेली असते! ते लगेच पाण्यात सोडायचं.

एक लिटर हवेत साधारण 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. 25 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात फार तर 8, आणि 30 अंशाला साडेसात. पाण्यातल्या जीवांचा संसार एवढ्यावर चालतो.

मग आम्ही वाडीच्या खाली, सांडपाणी पऱ्याला मिळतं तिथे जातो. मुलांना वाटतं, इथे काहीच जिवंत नसणार. पण तिथे थोडी पिल्लं सापडतात. खरी दैना त्याच्याही खाली, कोंडीत, म्हणजे पाणी साचून राहतं त्या डोहात असते. तिथल्या गाळात फक्त लालभडक अळ्या वळवळतात. असं का?

घाण स्वतः फारसा ऑक्सिजन घेत नाही. ती खाणारे जिवाणू घेतात, आणि त्यांना वाढायला वेळ लागतो. तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. तळाला भोक पडलेल्या आणि वरून नळ चालू असलेल्या टाकीसारखं हे आहे. शिल्लक घाण जितकी जास्त, तितका ऑक्सिजन वेगाने गळतो. पाण्यात ऑक्सिजनची तूट जितकी मोठी, तितका तो हवेतून वेगाने आत येतो. सुरुवातीला गळती जिंकते, पुढे भरती. म्हणून ऑक्सिजनचा तळ घाण मिसळते तिथे न येता बराच खाली येतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोन संशोधकांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 मध्ये हे गणितात बसवलं. आमच्या उताराच्या पऱ्यात पाणी थांबतं ते कोंडीतच. तिथे गाळ बसून कुजतो आणि खळखळ नसल्यामुळे हवाही कमी मिसळते.

त्या लाल अळ्या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीच्या. त्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तुटपुंज्या ऑक्सिजनवरही तग धरतात.

कोंडीखाली पाणी पुन्हा धोंड्यांवर आपटतं, ऑक्सिजन भरून येतो. म्हण खरी आहे ती इथपर्यंतच. ऑक्सिजन आला म्हणजे रोगजंतू गेले असं नाही.

हल्ली पेनासारखं टीडीएस मीटर बुडवून ‘पाणी शुद्ध’ म्हणणारेही भेटतात. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. त्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा जवळपास हलत नाही. शेणातले जिवाणू त्याला कुठून दिसणार?

फाल्गुनात धार बारीक होते. तीच घाण कमी पाण्यात मिसळते, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि जिवाणू मात्र जोरात वाढतात. एका मुलीने वहीत वरच्या गोट्याखालची 6 पिल्लं लिहून ठेवली आहेत. शेजारचा रकाना तिने कोरा सोडलाय आणि वर ‘होळी’ लिहिलंय.