खिशात मावणारे जुने फिल्म कॅमेरे: काय टिकते, काय झिजते

ऑलिम्पस ट्रिप 35 हा जपानी कॅमेरा 1967 साली बाजारात आला आणि 1984 पर्यंत त्याचे उत्पादन चालू राहिले. त्याच्या भिंगाभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खवले असलेली एक पारदर्शक कडी दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती सजावट वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे सेलेनियम या मूलद्रव्याचा प्रकाशघट बसवलेला असतो. आज जुने कॉम्पॅक्ट कॅमेरे पुन्हा लोकांच्या हातात दिसू लागले आहेत, त्यांच्या किमतीही चढल्या आहेत, आणि असा कॅमेरा घ्यावा की नाही हा प्रश्न वारंवार विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या नावात किंवा भिंगाच्या कीर्तीत सापडत नाही. तो कॅमेरा कोणत्या पदार्थांचा बनला आहे आणि ते पदार्थ चाळीस-पन्नास वर्षांत कसे म्हातारे होतात, हे पाहिल्यावरच ते सापडते.

आधी ट्रिप 35 थोडा जवळून पाहू. सेलेनियमवर प्रकाश पडला की अतिशय क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह एका नाजूक मीटरची सुई हलवतो. प्रकाश जितका जास्त, तितकी सुई पुढे सरकते. आपण शटरचे बटण दाबतो तेव्हा आतली एक पायऱ्यापायऱ्यांची पट्टी त्या सुईला आहे त्या जागी पकडते, आणि सुई कोणत्या पायरीवर अडकली यावरून ॲपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र, किती उघडायचे आणि शटरचा वेग 1/40 सेकंद ठेवायचा की 1/200, हे ठरते. प्रकाश अपुरा असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये एक लाल पट्टी वर येते आणि शटर उडतच नाही. या सगळ्या व्यवहारात सेल नाही, सर्किट नाही. मोजमापासाठी लागणारी ऊर्जा समोरच्या दृश्याच्या उजेडातूनच मिळते आणि उरलेले काम आपल्या बोटाचा दाब करतो. स्वयंचलित यंत्राची इतकी काटकसरी रचना क्वचितच पाहायला मिळते, आणि माझ्या मते या कॅमेऱ्याचा खरा मोठेपणा त्याच्या भिंगापेक्षा या यंत्रणेत आहे.

भिंगही कमी प्रतीचे नाही. 40 मिमी नाभीय अंतराचे, चार काचांचे, f/2.8 चे हे भिंग आहे (f चा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या भिंगांना एक मूलभूत फायदा मिळतो. एसएलआर, म्हणजे आरशामार्फत भिंगातूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्या मध्ये आरसा हलायला जागा सोडावी लागते. निकॉनच्या एसएलआरमध्ये भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत 46.5 मिमी अंतर असते. म्हणून तेथे 28 किंवा 35 मिमीसारखे रुंद दृश्य टिपणारे भिंग बनवताना जास्त काचा घालून ते मुद्दाम लांब करावे लागते. कॉम्पॅक्टमध्ये आरसाच नसल्याने मोजक्या काचांचे छोटे भिंग फिल्मच्या अगदी जवळ बसवता येते. योशिहिसा माइतानी यांनी रचलेल्या आणि 1979 मध्ये आलेल्या ऑलिम्पस एक्सएमध्ये तर 35 मिमीचे सहा काचांचे भिंग सरकत्या झाकणाच्या आड कायमचे दडून बसते, कॅमेरा चालू केल्यावरही बाहेर येत नाही. शिवाय बहुतेक कॉम्पॅक्टचे शटर भिंगातच, पातळ पात्यांचे असते. त्याचा आवाज जेमतेम ऐकू येतो आणि धक्का जवळजवळ जाणवत नाही.

या छोट्या भिंगामागे 24 × 36 मिमीची, म्हणजे 864 चौरस मिमीची फ्रेम असते. मोबाइल फोनमध्ये मोठा समजला जाणारा ‘एक इंची’ सेन्सर 13.2 × 8.8 मिमीचा, म्हणजे सुमारे 116 चौरस मिमीचा असतो. क्षेत्रफळातला हा सातपटींहून अधिक फरक चित्रात दिसतो: माणसामागची झाडे खऱ्या अर्थाने, प्रकाशशास्त्राच्या नियमाने धूसर होतात, फोनप्रमाणे गणिताने केलेली धूसरता लागत नाही. रंगीत निगेटिव्ह फिल्मचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की जास्त प्रकाश ती बराच सहन करते. डिजिटल सेन्सरचा एकेक घटक भरला की पुढची माहिती पूर्ण हरवते आणि आकाश पांढरेफटक पडते. निगेटिव्हमध्ये मात्र अशा भागाची घनता हळूहळू वाढत जाते आणि ढगांची कड शाबूत राहते. कमी प्रकाशात चित्र याच्या नेमके उलट असते. संध्याकाळनंतर आजच्या साध्या फोनपुढेही 400 आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) फिल्म फिकी पडते, आणि सावलीत कमी प्रकाश मिळालेल्या निगेटिव्हमधून नंतर काहीही बाहेर काढता येत नाही, कारण तेथे काही उमटलेलेच नसते.

आता मर्यादा पाहू. ट्रिप 35 मध्ये 400 आयएसओची फिल्म घालून भर दुपारी उन्हात गेलो तर योग्य एक्सपोजर (फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश) साधारण f/22 आणि 1/200 सेकंद येते, म्हणजे कॅमेऱ्याच्या मर्यादेचे शेवटचे टोक. एवढ्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश विवर्तनामुळे पसरतो. गणित साधे आहे: f/22 ला एका बिंदूचा ठिपका सुमारे 0.03 मिमी व्यासाचा होतो, आणि 35 मिमी फिल्मवर ‘स्पष्ट’ म्हणून खपणाऱ्या ठिपक्याची रूढ मर्यादाही तेवढीच आहे. म्हणजे चांगल्या भिंगाची धार आपण स्वतःच बोथट करतो. महाराष्ट्रातल्या उन्हात या कॅमेऱ्यासाठी 100 किंवा 200 आयएसओची फिल्मच योग्य. दुकानात सरसकट 400 ची शिफारस होते, ती या बाबतीत तरी मला पटत नाही.

फोकसचा प्रश्न वेगळा आहे. ट्रिपवर एक चेहरा, दोन माणसे, माणसांचा गट आणि डोंगर अशी चार चिन्हे असतात व अंतर नजरेनेच ठरवायचे असते. f/8 ला हे भागून जाते, कारण सुमारे 6.7 मीटरवर फोकस ठेवला तर साडेतीन मीटरपासून पुढचे सर्व काही चालण्याजोगे स्पष्ट येते. परंतु घरात, f/2.8 ला, दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढताना स्पष्टतेची पट्टी जेमतेम 24 सेंटिमीटर असते. हाताने वीतभर चुकलो तरी नाकडोळे सोडून पडदा स्पष्ट येतो. त्यात भर म्हणजे आपण भिंगातून पाहतच नाही. व्ह्यूफाइंडर भिंगाच्या तीन-चार सेंटिमीटर वर असतो. पाच मीटरवर या फरकाचे काही वाटत नाही, पण एक मीटरवर चित्राची उंचीच 60 सेंटिमीटर असल्याने तेवढ्या सरकण्याने डोक्याचा वरचा भाग कापला जाऊ शकतो. झाकण न काढता फोटो घेतला तरी अनेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत आपल्याला समोरचे दृश्य नीट दिसतच राहते.

या मर्यादा कॅमेरा नवा असतानाही होत्याच, आणि सरावाने त्या सांभाळता येतात. वयामुळे येणारे दोष अधिक गंभीर असतात. सर्वांत सामान्य दोष म्हणजे मागच्या दाराच्या खाचेतला फोम. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या बाष्पामुळे त्याचे रेणू तुटत जाऊन त्याचा काळा, चिकट लगदा होतो. मग दाराच्या फटीतून उजेड आत शिरतो आणि फोटोवर केशरी पट्टे उमटतात. सुदैवाने हे काम घरी करता येते: आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच पुसून काळ्या लोकरीचा धागा किंवा फेल्टची पट्टी चिकटवली की झाले.

बुरशीचे तसे नाही. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या वर असते, आणि कपाटात, चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवलेला कॅमेरा बुरशीला आयता मिळतो. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात; ते वेळीच पुसले तर ठीक, पण बुरशीतून स्रवणारी आम्ले काचेवरचा लेप आणि पुढे काचही कोरतात, आणि ती खूण कोणत्याही द्रावणाने जात नाही. हौसेने जपलेली चामड्याची केस ओलावा धरून ठेवते, म्हणून ती वेगळी ठेवावी. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत राखणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

सेलेनियमच्या घटालाही ओलावाच मारतो. घट मेला की लाल पट्टी भर उन्हातही वर येते. सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची गोष्ट निराळी. हाइन्झ वास्के यांनी रचलेला 1966 चा रोलाय 35 हा चिमुकला जर्मन कॅमेरा 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर मोजमाप करतो. पारा विषारी असल्याने ते सेल आता बनत नाहीत. त्या जागी 1.5 व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर सुई प्रकाश जास्त दाखवते आणि निगेटिव्ह कमी एक्सपोज होते. शिवाय अल्कलाइन सेलचा दाब वापरागणिक उतरत जात असल्याने चूकही रोज बदलते. श्रवणयंत्राचा 675 क्रमांकाचा झिंक-एअर सेल 1.4 व्होल्टचा असतो, औषधाच्या दुकानात मिळतो आणि बाजूने एक कडी घातली की बसतो. फक्त वरचा कागद काढल्यावर तो काही आठवड्यांचाच सोबती असतो. रोलायचे शटर मात्र पूर्ण यांत्रिक असल्याने मीटर बंद पडला तरी कॅमेरा चालू राहतो. एक्सएचे तसे नाही; सेल संपले की तो थांबतो, मात्र त्याला लागणारे सेल आजही सहज मिळतात.

सर्वांत जास्त सोयीचे कॅमेरे सर्वांत कमी दुरुस्त होणारे आहेत. 1990 चा काँटॅक्स टी2 टायटॅनियमचा आहे, 1997 चा ऑलिम्पस म्यू 2 साबणाच्या वडीएवढा, पाण्याचे तुषार झेलणारा आणि स्वतः फोकस करणारा. दोन्ही उत्तम चित्रे देतात आणि दोन्हींना भरपूर मागणी आहे. परंतु आतली लवचीक सर्किटे आणि छोट्या मोटारी आता कोणी बनवत नाही. काँटॅक्स बनवणाऱ्या क्योसेरा कंपनीने तर 2005 मध्ये कॅमेऱ्यांचा व्यवसायच सोडला. मुंबईच्या बोरा बाजारातल्या कुशल कारागिराकडे नेले तरी सुटा भाग मिळायला दुसरा मेलेला कॅमेराच शोधावा लागतो. स्वतः उघडून पाहण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे: फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यानंतरही ते काही काळ टिकतात.

ट्रिपसारखा कॅमेरा विकत घेताना तपासणी पाच मिनिटांची असते. भिंगाची कडी तळहाताने पूर्ण झाकून बटण दाबावे. लाल पट्टी वर आली पाहिजे आणि शटर उडता कामा नये. मग तो उजेडाकडे धरून दाबावे. शटर उडाले पाहिजे. मागचे दार उघडून भिंगातून पाहत सावलीत आणि उन्हात एकेकदा दाबले की छिद्राचा आकार बदलताना दिसायला हवा. तो बदलत नसेल तर ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चढले आहे असे समजावे. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावून भिंग आरपार पाहावे, म्हणजे बुरशी लपत नाही. इतके करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये.

रोल, धुलाई आणि स्कॅनिंग यांचा खर्च धरला तर रंगीत 36 फोटोंना आज बहुधा हजार रुपयांच्या पुढेच जावे लागते, म्हणजे एका फोटोला पंचवीस-तीस रुपये तरी पडतात. म्हणूनच कॅमेऱ्यावर चाळीस-पन्नास हजार घालण्यापेक्षा चालू स्थितीतला एखादा साधा यांत्रिक कॅमेरा घेऊन उरलेले पैसे फिल्मवर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

ज्यांना हमीपत्रासह नवाच कॅमेरा हवा आहे, त्यांच्यासाठी 2024 मध्ये पेंटॅक्स 17 आला. त्याच्या रचनाकारांनी फिल्म पुढे सरकवायला हाताचा लिव्हर ठेवला आणि फोकससाठी पुन्हा चिन्हेच दिली. मात्र त्याची फ्रेम 17 × 24 मिमीची, म्हणजे नेहमीच्या फ्रेमच्या निम्म्याहून कमी आहे. एका रोलमध्ये 72 फोटो बसतात आणि खर्च वाचतो, पण ज्या मोठ्या फ्रेमसाठी फिल्मकडे वळायचे, तीच तेथे अर्धी होते.